सर, कापूस!

आमच्या लॅबमध्ये वर्षभरात रीडिंग्ज जमली नाहीत तेवढे किस्से जमले. हसत सांगायला घेते, पण हल्ली शेवटचा किस्सा तसा सांगता येत नाही.

लॅब जळगावची, कॉलेजच्या मागच्या बाजूला. सर दोंडाईचाचे, अटेंडंट आबा शिंदखेड्याचे, आणि मी त्या दोघांवर ओरडणारी पीएचडीची विद्यार्थिनी. काचेच्या नळीत रुबिडियमची वाफ. तिच्यावर जोरदार लेझर एकदम सोडला की अणू चमकतात. पण ती चमक सरळ वाढत नाही. चढते, पडते, पुन्हा चढते आणि मग स्थिरावते. सगळं पापणी लवायच्या आत, म्हणून फक्त ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दिसणार. सरांनी तीस वर्षं हे कागदावर सोडवलं होतं. डोळ्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं!

लेझर दुसऱ्या संस्थेकडून वर्षभरासाठी आणलेला. सर रिटायर होतील त्याच दिवशी परत जाणार.

*

लेझर आला त्या दिवशी आबांनी उदबत्ती लावली. धुरात किरणाची अंधूक लाल रेघ उमटली. सर लहान मुलासारखे हरखले, "अगं, बघ, बघ!"

मी उदबत्ती विझवली. "सर, आरशांवर काजळी बसेल!"

सर आबांना हळूच म्हणाले, "उद्या ही यायच्या आधी लावा."

*

कूलर चालू केला की टेबल थरथरायचं आणि किरण सरकायचा. एप्रिलमध्ये सर कूलर बंद करून डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसायचे.

मी वैतागले. "सर, एसी मागा ना!"

"मागितलाय गं."

"कधी?"

"तू बालवाडीत असशील तेव्हा."

*

एकदा प्राचार्य आले. नळीत वाकून वाकून बघितलं. "यात काही दिसत नाही हो!"

सर म्हणाले, "मलाही नाही. पण मी रोज बघतो."

*

सरांना स्कोपवरचं सेव्हचं बटण कधी जमलं नाही. पडद्यावरची रेघ ते पेन्सिलीने ग्राफ पेपरवर उतरवून घ्यायचे. या काळात!

"दाखव ना एकदा, कसं करतात ते," ते म्हणायचे.

"द्या सर, मीच करते." बटण दाबून मी मोकळी. शिकवायला दोन मिनिटं लागली असती.

*

आता कापूस. लॅबच्या मागे भिंतीला लागून जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. ते चालू असलं की खिडकीच्या फटीतून कापसाचे तंतू आत तरंगत येतात. डिसेंबरात सर ओरडले, "दिसलं!" पडद्यावर खरंच उंचवटा. आबांनी पेढे आणले, स्टाफरूमभर वाटले.

मी पेढा खाल्ला, टॉर्च घेतला आणि किरणात तरंगणारा तंतू दाखवला. "सर, कापूस!"

सगळे पोट धरून हसले, सरही. त्यानंतर लॅबमध्ये तो शब्दच झाला. डबा उघडून कुणी म्हणालं, "आज भाजी मस्त झालीय," की दुसरा म्हणणार, "कापूस!" सर "दिसलं" म्हणाले की मी जागेवरूनच म्हणायचे, "कापूस!" आणि दर वेळी मीच बरोबर निघायचे. त्याची सवय लागली.

*

मे महिन्याचा शेवटचा दिवस. चार वाजता निरोप समारंभ, हॉल भरलेला, लेझर न्यायला टेम्पो दारात. सर उठायला तयार नाहीत.

मी दारातून म्हणाले, "सर, चला ना! हार वाळतोय तुमचा."

"अगं ये ना इकडे. चढतंय... पडतंय... पुन्हा चढतंय! सेव्ह कर ना पटकन."

मी दारातच उभी. घड्याळ बघत म्हणाले, "सर, कापूस!"

त्यांनी चष्मा काढून पुसला. पडद्याकडे पुन्हा एकदा बघितलं.

"असेल," म्हणाले आणि स्वतःच लेझर बंद केला.

समारंभ छान झाला. टेम्पो गेला. सर दोंडाईचाच्या गाडीत बसले. रिकाम्या लॅबला कुलूप लावायला मी आणि आबाच उरलो.

"आबा, ती खिडकी नीट लावा हं. कापूस येतो."

आबा थांबले.

"ताई, जिनिंग बंद व्हईसन पंधरा दिन व्हयनात."