पऱ्हाटीखालचे बावीस नग

ज्या बाईचे मी हात जोडून आभार मानायला हवे होते, तिच्यावर मी चोरीचा गुन्हा दाखल केला. इतकंच नाही, तर जे खरं होतं ते तिने पहिल्या पाच मिनिटांत मला सांगितलं आणि मी पंचनाम्यात त्याच्या बरोबर उलटं लिहिलं, सही केली, वर शिक्काही मारला. नोकरीतल्या बाकीच्या चुका आता पुसट झाल्या आहेत. ही मात्र कालची वाटते, कारण आमच्या घरात माठ आहे आणि बायकोची स्मरणशक्ती शाबूत आहे.

तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. कोणत्या ते सांगत नाही, तिथले लोक अजून हसतात. हद्दीतून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर विजेची तार ओढायचं काम सुरू होतं. रुळाच्या कडेला लोखंडी खांब, खांबाला आडवा हात, आणि त्या हाताने रुळाच्या मधोमध उंच धरलेली तार, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण तो हात थेट खांबाला जोडत नाहीत. मध्ये चिनी मातीचा एक दांडा बसवतात. हातभर लांब, तपकिरी, चकचकीत, अंगभर चकत्या आणि दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. तारेतली वीज खांबात उतरू द्यायची नाही आणि वरचं ओझंही पेलायचं, अशी दोन कामं तो एकटा करतो. इन्सुलेटर हा शब्द मला माहीत होता, वस्तू पहिल्यांदाच हातात घेतली. चांगलीच जड होती.

एका सकाळी ठेकेदाराचा सुपरवायझर फिर्याद घेऊन आला. गोदामातून बावीस इन्सुलेटर चोरीला गेले होते. गोदाम भाड्याच्या शेतात होतं आणि माल अजून रेल्वेच्या खांबांवर चढलेला नव्हता, म्हणून गुन्हा आमच्याकडे. कलम तीनशे एकोणऐंशी लावलं, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि जमादारांना बोलावलं. आमचे जमादार निवृत्तीला टेकलेले होते, त्यामुळे कोणालाच भीत नसत. त्यांनी फिर्याद वाचली आणि विचारलं, "साहेब, हे चोरून कोनी कराव काय? भंगारवाला त हात नाई लावत याले."

प्रश्न बरोबर होता. म्हणूनच मी तो बाजूला ठेवला. तेलंगणाची सीमा जवळ, माल रेल्वेचा, म्हणजे टोळी आंतरराज्यीयच असणार, असं मी ठरवून टाकलं. एक शिपाई झरी जामणीच्या बाजूला पाठवला. तो दोन दिवस जंगलातली गावं हिंडून बाटलीभर मध घेऊन परत आला. नेर आणि घाटंजीचे भंगारवाले तपासले. नेरचा एक जण मला लहानपणापासून ओळखतो, मी तिथलाच. त्याने चहा पाजला आणि लोणच्याच्या बरण्या चोरीला गेल्या असतील तर तेवढ्या आणा, घरी लागतात, असं म्हणाला.

चौथ्या दिवशी खबर लागली. गोदामाजवळ पानठेला चालवणाऱ्या आमच्या खबऱ्याने सांगितलं की गोदामात मजुरीला येणारी तांड्यावरची एक बाई रोज संध्याकाळी डोक्यावर गवताचं टोपलं घेऊन जाते, आणि गवताच्या मानाने तिची मान फार ताठ असते. माणूस हुशार होता. त्याला पोलिसात घ्यायला हवं होतं आणि मला पानठेल्यावर बसवायला हवं होतं.

दोन पंच, जमादार आणि आमच्याच ठाण्यातली, तांड्याच्याच समाजातली एक महिला शिपाई, अशी फौज घेऊन मी भर दुपारी तांड्यावर गेलो. घरामागे सरपणाच्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, ढीग होता. पऱ्हाटी बाजूला केली तर खाली पोत्यावर एका रांगेत बावीस नग मांडलेले. दोन नगांच्या मध्ये चिंध्या घातलेल्या, एकमेकांवर आपटू नयेत म्हणून. आमच्या मुद्देमालाच्या खोलीत इतकी व्यवस्था मी कधी पाहिली नाही.

बाई पंचावन्नच्या आसपासची, एकटी राहणारी. पळाली नाही, रडली नाही. उलट आमच्या शिपायाला म्हणाली, "हळू उचल, बापू. फुटके हायेत ते."

मी एक नग उचलून उन्हात फिरवून पाहिला. कुठे चीर नाही, टवका नाही, आरशासारखा स्वच्छ. मला वाटलं, बाई वेड पांघरते आहे. पंचनाम्यात मी स्वतः सांगून लिहवून घेतलं, 'सर्व नग अखंड व सुस्थितीत.' आणि तिच्या नावापुढे, 'उडवाउडवीची उत्तरे देते.'

ठाण्यात चौकशी झाली, पण तिला चौकशी म्हणणं धाडसाचं आहे. तू नेलेस का, असं विचारलं. ती म्हणाली, मीच नेले, बावीस दिवस, रोज एक. संपलं. कबुली मिळाली की पोलिसाची जिज्ञासा झोपी जाते, हे मी अनुभवाने सांगतो. आणखी कोणी सोबत होतं का, कोणाला विकणार होतीस, हे विचारलं. का नेलेस, हे विचारलं नाही. चोर चोरी का करतो, हे मला माहीतच होतं. ती मधेच एकदा म्हणाली की ते वाजत नाहीत. मी जमादारांकडे पाहिलं, जमादारांनी छताकडे पाहिलं. सूर्यास्ताच्या आत सूचनापत्र देऊन तिला घरी सोडलं आणि रोज सकाळी दहाला ठाण्यात हजेरी लावायची अट घातली.

तिची मजुरी गेली. तांड्याचा नायक, म्हणजे तिथला प्रमुख, येऊन मला भेटला. बाईने आयुष्यात दुसऱ्याच्या शेतातली शेंग तोडलेली नाही, असं तो शांतपणे सांगत होता. मी म्हटलं, कबुली दिली आहे तिने. नंतर महिला शिपायाकडून कळलं की तांड्यावर लोकांनी तिच्या दारावरून जायचं सोडलं होतं. ती मात्र रोज दहाच्या ठोक्याला यायची, व्हरांड्यातल्या बाकावर बसायची, अंगठा द्यायची आणि जायची.

हजेरीच्या सहाव्या दिवशी बाजार होता. घरून माठ आणायची आज्ञा होती. मी गणवेशातच गेलो, सगळ्यात देखणा माठ उचलला आणि घरी नेला. दुपारी पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात ओहोळ. बायकोने रिकाम्या माठावर बोटाचं पेर मारलं. ढब असा आवाज आला.

"वाजवून नाही घेतला?" तिने विचारलं.

मी म्हटलं, वरून चांगला तर दिसत होता. तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी आरोपीकडे पाहत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर कोर्टाचा आदेश घेऊन हजर झाला. मुद्देमाल सुपूर्तनाम्यावर ताब्यात द्यावा, असा रीतसर आदेश. सोबत ट्रक, ट्रकमध्ये गोदामातले आणखी काही इन्सुलेटर. इथून थेट कामावर नेतो आणि उद्या सकाळी सगळे खांबांवर चढवतो, असं तो म्हणाला. मी शिपायांना खोली उघडायला सांगितलं. तेवढ्यात दहा वाजले आणि बाई हजेरीला आली. तिने ट्रक पाहिला, उघडी खोली पाहिली आणि आत जाणाऱ्या वाटेत, उंबऱ्यावर, पदर सावरून बसली. महिला शिपायाने याडी, म्हणजे आई, उठ, असं दोनदा म्हटलं. ती उठली नाही.

"हे नका देऊ, साहेब," ती म्हणाली. "मले आत टाका. पन हे नका देऊ."

आणि मग, सात दिवस उशिरा, मी विचारलं, "काहून?"

"उद्या माहा जावई चढते त्याच्यावर. त्याच्या खाली बाकीचे राह्यतेत. लेकरंच हायेत साऱ्याईचे. म्या याले तीनदा सांगतलं, हे वाजत नाई म्हनून," तिने सुपरवायझरकडे हात केला. "म्या बाजूले ठेवले का हा पुन्हा चांगल्यात नेऊन ठेवे."

सुपरवायझर हसला आणि म्हणाला की साहेब, आता अडाणी बाई आपल्याला इंजिनीअरिंग शिकवणार. कालचा माठ नसता तर मीही हसलो असतो, हे इथे कबूल करतो. पण माझ्या कानात तो ढब अजून होता. मी ट्रकमधला एक नग उतरवून घेतला, खोलीतला एक आणवला आणि तिच्यापुढे ठेवले. तिने अंगणातला एक खडा उचलला. ट्रकमधल्या नगावर मारला. देवळातल्या घंटेसारखा नाद निघाला आणि बराच वेळ राहिला. मग दुसऱ्यावर मारला. ढब.

मी तिला पाठ करून बसवलं, दोन्हीकडचे आणखी काही नग आणवून उलटसुलट मांडले आणि जमादारांना एकेक वाजवायला लावलं. ती न बघता सांगत गेली. चांगला, फुटका, फुटका, चांगला. एकदाही चुकली नाही. हे कुठे शिकलीस, असं विचारलं तर तिला प्रश्नच कळेना. मडकं घेताना कोण वाजवून घेत नाही, असं तिने मलाच विचारलं.

मग मला स्वतःला एक युक्ती सुचली, आणि नोकरीत सुचलेल्या मोजक्या युक्त्यांपैकी ती असल्याने सांगतो. शिक्क्याची जांभळी शाई त्या ढब वाजणाऱ्या नगावर, लोखंडी टोपीजवळ ओतली आणि फडक्याने पुसून काढली. निम्मी शाई माझ्या गणवेशावर गेली. पण पुसलेल्या चिनी मातीवर केसाएवढी एक जांभळी रेघ उरली. टोपीखालून निघून चकत्यांमधून अर्ध्यापर्यंत गेलेली. जमादारांनी चष्मा लावून ती पाहिली आणि फक्त "अखंड व सुस्थितीत," एवढंच म्हणाले.

आदेश तर कोर्टाचा होता, तो मोडता येत नव्हता. पण माल देण्याआधी प्रत्येक नगाची ओळख पटवून वर्णन लिहायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी रेल्वेच्या अभियंत्याला फोन लावला आणि लिहायचं काम जमादारांना दिलं. सरकारी कामात वेळ कसा काढावा, हे त्यांच्याकडून शिकावं. तीन तासांत त्यांनी चार नग लिहिले. अभियंता पोचला तेव्हा ते पाचव्याच्या चकत्या दुसऱ्यांदा मोजत होते.

अभियंत्याने बावीसही नग तपासले आणि बावीसही नाकारले. ओझं आल्यावर असा दांडा मधोमध तुटतो आणि वरचा माणूस लोखंडी हातासकट खाली येतो, असं त्याने सांगितलं. सुपरवायझर तिथेच बाकावर बसला आणि सगळं सांगू लागला. सुरुवातीला गोदामात माल उतरवताना एक अख्खी थप्पी घसरली होती. आपला निष्काळजीपणा उघडा पडू नये म्हणून त्याने ते नग पुसून चांगल्या मालात मिसळले होते, आणि तपासणीत मोजणी कमी भरेल म्हणून चोरीची फिर्याद दिली होती. त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं. त्या दिवशी अभियंत्याने आधीच बसवलेल्या खांबांवरचं कामही थांबवलं. तिथेही दोन फुटके नग सापडले. बाईने वेचायला सुरुवात करण्याआधी चढलेले. त्यातल्या एका खांबावर तिचा जावई त्याच आठवड्यात तासभर बसून आला होता.

मी तिला विचारलं की इतकं होतं तर नग फोडून का नाही टाकलेस. ती म्हणाली, फोडले असते तर मीच फोडले म्हणाले असते. ठेवले, म्हणजे कोणी विचारलं तर दाखवता येतील. पुरावा कसा जपावा, यावर मी प्रशिक्षण केंद्रात अनेक व्याख्यानं ऐकली आहेत. इतकं थोडक्यात कोणी सांगितलं नव्हतं.

मी पुरवणी पंचनामा केला आणि 'क' समरीचा, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला असा, अहवाल कोर्टाला पाठवला. न्यायाधीशांनी विचारलं की पहिल्या पंचनाम्यात सुस्थितीत असं कोणी लिहवलं. मी म्हटलं, मीच. तपासून का, असं विचारलं. मी म्हटलं, बघून. त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. हसले की नाही ते दिसलं नाही.

गुन्हा निकाली काढल्याचा आदेश आला त्या दिवशी मी गणवेशात तांड्यावर गेलो. गुन्हेगार म्हणून नेताना सगळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून सगळ्यांसमोरच नायकाच्या अंगणात हात जोडले आणि चूक माझी होती असं सांगितलं. ती म्हणाली, "चहा घ्या, साहेब, थंडा होऊन राह्यला."

आज त्या मार्गावरून विजेची गाडी जाते. ती दिसली की मी खांब मोजत नाही, त्या बाईची आठवण काढतो आणि मनातल्या मनात पुन्हा हात जोडतो. तिने माणसं वाचवली. शिवाय माझ्या सहीच्या कागदामुळे कोणाचा जीव जाणार होता, तो गेला नाही. निवृत्तीनंतर मला शांत झोप लागते, ती तिच्यामुळे. गुन्हा कबूल झाल्यावरही 'काहून' हा एक प्रश्न उरतो, आणि तो आरोपीबरोबर स्वतःच्या समाधानालाही विचारायचा असतो, हे मी तिच्याकडून शिकलो.

म्हणजे, शिकलो असं मला वाटतं. मागच्या उन्हाळ्यात ती बाजारात भेटली. सोबत जावई होता, त्याच्या कडेवर नात. मी माठच घेत होतो. तिने पाहावं म्हणून मी मोठ्या ऐटीत एक माठ उचलला, पेराने दोनदा वाजवला, मान डोलावली आणि कुंभाराला तो बांधून द्यायला सांगितलं. तिने तो माझ्या हातातून काढून परत रांगेत ठेवला.

"वाजवला त बरोबर, साहेब," ती म्हणाली. "पन आयकन कोन?"