दाजींच्या फोटोपुढच्या गोळ्या

मंडळी, आज निपाणीला निघालतो आणि पोचलो बेळगुंदीला, थोरल्या आक्काकडं. माझं असंच असतंय.

दाजींच्या फोटोपुढं नैवेद्यासारखा शुगरच्या गोळ्यांचा ढीग होता. दाजी मागच्या वर्षी कॅन्सरनं गेले.

"हे काय गं?"

"ह्या गोळ्यांनीच झाला त्यांना कॅन्सर. मोबाईलवर आलंय. म्हणून माझी गोळी बी रोज त्यांनाच वाढते."

ती हसत चहा ठेवायला गेली. तिच्या मागं फरशीवर तांबडी पावलं उमटत गेली.

"आक्का, पाय!"

"काय झालं रं पायाला?"

टाचेत काच रुतलेली आणि तिला पत्ताच न्हाय.

बेळगावात डॉक्टर म्हणाले, "शुगर वाढून पाय बधिर झालाय. मोबाईलवरचं सगळं खरं नसतं; गोळीची भीती वाटली तर मला विचारा, मनानं बंद करू नका."

तुमच्या घरातलं माणूस गोळी खरंच गिळतंय का? आज समोर बसून बघा.