काय ते समजून द्या

आमचे हे झाडावर चढायला कधी घाबरले नाहीत. वाकडा माड असो, किडका फणस असो, वादळात कलंडून कौलांवर टेकलेला आंबा असो, कोयती कमरेला लावली की हे वर. पण काम झाल्यावर गिऱ्हाईकाने "किती द्यायचे?" एवढं विचारलं, की हे घाबरायचे. डोक्याचं फडकं सोडायचं, जमिनीकडे बघायचं आणि म्हणायचं, "काय ते समजून द्या."

आमच्या रत्नागिरीकडची ही जुनी रीत. करणाऱ्याने आकडा काढायचा नाही, देणाऱ्याने समजायचं. रीत वाईट नाही, फक्त देणारे समजूतदार हवेत. आमच्या वाट्याला आलेल्यांना एवढंच समजायचं की, लाकूड तुम्हीच घेऊन जा, वर दोन नारळ न्या. मागीलदारी ओल्या ओंडक्यांची रास कुंपणाच्या दगडी गडग्याला टेकली. भाजीत खोबरं, आमटीत खोबरं, चटणी खोबऱ्याची, आणि तांदळाच्या डब्यात मात्र खडखडाट. दोर झिजत होता. खाली दोर धरायला येणाऱ्या गड्याला रोजची मजुरी रोज द्यावी लागत होती, त्याला समजून घे म्हणायची सोय नव्हती. त्याची बायको माझ्यापेक्षा तिखट होती.

तेव्हा गावात टीव्ही नवीन नवीन येत होते. ज्याने टीव्ही घेतला तो घरावर लांबलचक पाइप उभा करून अँटेना लावायचा, आणि पडद्यावर मुंग्या दिसल्या की आंब्याच्या फांदीला शिव्या घालायचा. समुद्राकाठच्या मांडवीतल्या एका निवृत्त मास्तरांनी अशीच फांदी उतरवायला यांना बोलावलं. हे अर्धा दिवस वर लटकले. मग मास्तरांनी सगळं घर समोर बसवून टीव्ही लावला. मुंग्या होत्या तेवढ्याच. मास्तर म्हणाले, "मग पैसे कसले?"

हे घरी आले ते नुसता चहा पिऊन. वर मलाच समजावतात, "त्यांचा पण बरोबर हाय. चित्र कुठं सुधारलं?" माझ्या हातात पळी होती. ती हातातच राहिली, हे माझ्या आईचे संस्कार.

त्याच आठवड्यात मोठ्या भावजींचं पत्र आलं. भावजी मुंबईत एका कंपनीत होते. त्यांनी धाकट्या भावाच्या नोकरीसाठी साहेबाकडे शब्द टाकला होता. शिमग्याला येतो, जाताना घेऊनच जातो, असं लिहिलं होतं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. हे म्हणाले, "बघू. तोपर्यंत धंदा उभा राहिला तर ठीक."

मी मात्र त्या साखरेला हात लावला नाही. माझे वडील जन्मभर मुंबईत होते. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, तेव्हा आम्ही भावंडं दाराआड लपून तो पाहुणा बघायचो. त्यांना भाजीत मीठ किती लागतं हे आईला दर खेपेला नव्याने आठवावं लागे. मला तसला संसार नको होता. मला माझा माणूस घरात हवा होता, मग तो कितीही भिडस्त असो.

म्हणून दर ठरवायला मी जाऊ लागले. पहिल्या एकदोन ठिकाणी मीही फसले, कारण मी वर बघून दर सांगितला. मग उमगलं की झाडाचा दर झाडाखाली असतो. खाली मोकळं आगर असेल तर एक भाव. कौलं, विहीर, तुळशीवृंदावन असेल तर दुसरा, कारण तिथे फांदी तोडायची नसते, दोराने बांधून हळूहळू उतरवायची असते. पाला कोण उचलणार? ओंडका रस्त्यापर्यंत कोण नेणार? लाकूड तुमचं तुम्हालाच लखलाभ. आणि चहा दर ठरल्यावर. आधी चहा घेतला की मिंधेपणा येतो, हे मी यांच्याकडूनच शिकले.

एकदा आकडा सांगितला की मी गप्प बसायचे. माणसाला सगळं सहन होतं, समोरच्या बाईचं गप्प बसणं सहन होत नाही.

त्याच मास्तरांनी पुन्हा बोलावलं. आता मुंग्यांचा दोष दुसऱ्या बाजूच्या फांदीवर आला होता. मी दर सांगितला आणि मागच्या फांदीचे अर्धे पैसे त्यात धरले आहेत, हेही सांगितलं. मास्तर म्हणाले, "अहो, एवढीशी फांदी. पडायला वेळ तो किती लागणार?"

"पडायला काहीच नाही लागत," मी म्हटलं. "कौलांवर पाडायची असेल तर फुकट पाडून देऊ. आणि मास्तर, आम्ही फांदी उतरवतो. चित्राचं काय ते टीव्ही विकणाऱ्याला विचारा."

मग मी समुद्राकडे बघत बसले. मास्तरांनी दोनदा घसा खाकरला आणि ते कबूल झाले. गडग्यापलीकडे लपून उभे असलेले आमचे हे घाम पुसत म्हणाले, "तू बोलायला लागलीस की मला झाडावर चढून बसावंसं वाटतं."

शिमग्यापर्यंत तांदळाचा डबा भरला, नवा दोर आला. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. यांना दर सांगता येत नव्हता तसा नकारही देता येत नव्हता, आणि वडिलांच्या माघारी ज्याने वाढवलं त्या भावाला तर नाहीच.

भावजी आले. घरी ग्रामदेवतेची पालखी येऊन गेली. आमच्या शेजारीच त्यांनी स्वतःचं चिऱ्याचं, स्लॅबचं घर बांधलं होतं, वर्षातून दोनदा उघडायचं. पडवीत बसून ते यांना म्हणाले, "परवा सकाळच्या गाडीनं निघायचा. उद्या तेवढी माझ्या स्लॅबवरची आंब्याची फांदी उतरव."

हे उठून अंगणात गेले. वर बघितलं, मग बराच वेळ खाली बघितलं. स्लॅब, पाण्याची टाकी, नवीन खिडक्या. परत आले आणि दर सांगितला. पुरा.

सासूबाईंचं सुपारी कातरणं थांबलं. भावजी म्हणाले, "माझ्याकडून पैसे घेणार तू?"

"धंदा हाय दादा माझा," हे म्हणाले. "हयच, गावातच करायचा हाय."

खरं सांगते, मास्तरांना न भ्यालेली मी, माझ्याच ओठांवर "राहू द्या हो" आलं होतं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

भावजी धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसत. ते आईकडे वळले. "आये, हिनं शिकवलान वाटता ह्याला."

"माका काय ऐकू येत नाय हल्ली," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा सुपारी कातरू लागल्या.

भावजींनी थोडी घासाघीस केली. हे जमिनीकडे बघत राहिले, पण आकडा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी फांदी खाली आली, खिडकीच्या काचेला ओरखडा न उमटता. भावजींनी पैसे मोजून दिले आणि मग भावाच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे त्यांना सोडायला एसटी स्टँडवर गेले. मी चुलीवर भात ठेवला होता, पण लक्ष सगळं वाटेकडे. आमच्या घराण्यात स्टँडवर गेलेला पुरुष त्याच दिवशी जेवायला घरी परतलेला मी पहिल्यांदाच बघितला.