बागेखालची टाकी आणि न खोडलेली रेघ

शहर बघायला येणारी माणसं तीच ती ठिकाणं बघतात. मनोरा, संग्रहालय, बाजार, की झालं शहर पाहून! बागेतल्या हिरवळीखाली शंभर वर्षांची पाण्याची टाकी आहे, तिला विटांचे चौऱ्याऐंशी खांब आहेत, हे कुणाच्या गावीही नसतं. तात्यांना याचा भारी राग. एकतीस वर्षं ते या टाकीचं पाणी सोडणारे चावीवाले होते. निवृत्त झाल्यावर पाणीखात्याच्या साहेबांच्या मागे लागून लागून त्यांनी परवानगी काढली. टाकी धुवायला वर्षातून दोनदा रिकामी होते, तेव्हा एक दुपार ती लोकांना दाखवायची. त्या दोन दुपारींवर म्हातारा वर्षभर जगायचा.

टाकीत उतरायचा चावीवाल्यांचा जुना नियम होता. माणूस आत गेला की जिन्याशेजारच्या भिंतीवर खडूनं एक रेघ, वर आला की ती खोडायची. एकही रेघ उरली तर टाकीत पाणी सोडायचं नाही.

त्या दुपारी अठरा माणसं गमबूट घालून उतरली. चारला पाणी सुटायचं होतं. पावणेचारला मंडळी वर आली, तात्यांनी माणसागणिक रेघा खोडल्या आणि एक उरली.

"अहो, चुकून जास्त ओढली असेल," एक पाहुणा म्हणाला. सगळ्यांना घरी जायची घाई.

 तात्यांनी बागेच्या टोकाला चावीघरात फोन लावला. तिथे आता त्यांचाच जावई होता. घरी त्याला जावईबापू म्हणायचं आणि कामाच्या गोष्टीत अरेतुरे, अशी त्यांची वाटणी होती.

"पाण्याचं चाक फिरवू नकोस. एक माणूस आत आहे."

"तात्या, साहेब शेजारी उभे आहेत. वरच्या वस्तीत सकाळपासून थेंब नाही." जावयानं आवाज खाली आणला. "आणि परवा गॅसवर दूध ठेवून फिरायला गेलात ना तुम्ही? तशीच ओढली असेल एखादी रेघ."

"दूध वेगळं, माणूस वेगळं! जावईबापू, हात जोडतो तुम्हाला. मी आत उतरतोय."

पलीकडे साहेबांचा चढलेला आवाज ऐकू आला आणि फोन कट झाला. जावयानं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. खाली फोन लागत नाही. तात्यांनी स्वतःची एक रेघ ओढली, बॅटरी घेतली आणि उतरले.

"कोण आहे का?" त्यांनी हाक मारली. चौऱ्याऐंशी खांबांनी ती परत फेकली. एकेक रांग बघत ते आत गेले. गुडघे कुरकुरत होते. चार वाजले. पाण्याच्या नळाचं तोंड पुरुषभर उंच. तिथून गार वारा येतोय असं त्यांना वाटलं. पाणी सुटण्याआधी असाच वारा येतो. मेलो, असं त्यांच्या मनात आलं. तरी ते मागे वळले नाहीत.

शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून एक आजी बसल्या होत्या. डोळे मिटून गुणगुणत होत्या. आवाज फार घुमतो म्हणून कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलेलं. एकट्याच आल्या होत्या, म्हणून वर कुणाला त्यांची आठवणही झाली नाही. तात्यांनी खांद्याला हात लावला तेव्हा त्या दचकल्या.

"झालं का सगळ्यांचं बघून?" त्यांनी विचारलं.

वर आले तेव्हा सव्वाचार होऊन गेले होते. जावई जिन्याच्या तोंडाशी उभा होता, पांढराफटक. चाकाच्या कुलपाची किल्ली त्यानं मुठीत गच्च धरली होती. साहेबांना न जुमानता तो ती घेऊन पळत आला होता. तात्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आजी रिक्षानं घरी गेल्या, पाणी सुटलं, मग चावीघरात साहेबांनी नोंदींची वही पुढे ओढली.

"उशिराचं कारण लिहावं लागेल. माणूस आत राहिला म्हणून लिहिलं, तर टाकी बघणं कायमचं बंद. ते काही माझ्या हातात नाही." साहेब जरा नरमले. "म्हाताऱ्याची मोजण्यात चूक झाली, असं लिहू. तुमचं काय जातंय? टाकी चालू राहील."

जावयानं मान डोलावली. "लिहू द्या तात्या. घरातलं कुणी हसणार नाही."

 तात्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी बाहीनं पुसलं.

"हसले तरी चाललं असतं हो," ते म्हणाले. "पण रेघ चुकते असं एकदा वहीत लिहिलं गेलं, तर पुढच्या वेळी एक रेघ उरली की तुम्ही म्हणाल, चुकली असेल. आणि चाक फिरवाल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तात्यांनी ते उचललं, वही स्वतःकडे वळवली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: एक बाई आत राहिली होती. खाली सही केली आणि टाकी दाखवण्यासाठी मिळालेली बागेच्या दाराची किल्ली वहीवर ठेवून ते घरी गेले.