दोन्ही हातांचा वणक्कम

प्रोफेसरबाई कुणाशीच हात मिळवत नसत. तमिळ मुलखातल्या इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यात परदेशी पाहुणे आले तरी बाई हात जोडून ‘वणक्कम’ म्हणायच्या आणि समोरचा हात जोडेपर्यंत थांबायच्या. मला तो सोवळेपणा वाटे. एकदा विचारलंच. हसून म्हणाल्या, “काय हो आकडेवाले, हात मिळवायला एकच लागतो. दुसरा खिशात राहतो. मला दोन्ही बघायचे असतात.”

उत्पादनाचे आकडे माझ्याकडे असत, म्हणून मी आकडेवाला. बाई कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. कामावरची सुरक्षितता आणि कामगाराचं मन हा त्यांचा आयुष्यभराचा विषय, त्याच्याच अभ्यासासाठी त्या आमच्याकडे येत. मूळच्या तंजावरकडच्या, मराठी जुन्या वळणाचं, वाक्याचा शेवट तमिळसारखा वर चढणारा. शहरातल्या अण्णा नगरहून आल्या की थेट कँटीन गाठायच्या. “साहेबांच्या खोलीत सगळे सुखीच असतात,” म्हणायच्या.

आमच्या फाटकाशी ‘अपघात शून्य’ असा फलक होता. महिनाभर शून्य टिकलं की त्या विभागातल्या प्रत्येकाला प्रेशर कुकर मिळे. शून्य मलाही आवडायचं. मोजायला सोपं.

एकदा पाळी सुटताना पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरच्या सेल्वमने बाईंना एकाच हाताने सलाम केला. बाई थांबून राहिल्या. दुसरा हात खिशातून निघाला तेव्हा बोट सुजून काळंनिळं झालेलं.

“सांगितलं तर सगळ्यांचा कुकर जाईल, अम्मा.”

“अय्यो, आणि बोट गेलं तर कुकरचं झाकण कशानं लावशील?” असं म्हणत बाई त्याला आपल्या गाडीतून डॉक्टरकडे घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅनेजरना माझ्यादेखत सांगितलं, “बक्षीस बंद करा. लोक जखमा लपवताहेत.”

“कोण लपवतंय? नाव सांगा.”

“नाव नाही सांगणार.”

“मग तुमचा अभ्यासही इथेच थांबवा.”

“सरी, ठीक आहे,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. “बाई, एका नावापायी इतक्या वर्षांचं काम अर्धवट सोडायचं?”

“एक नाव सांगितलं की उद्यापासून मला कुणी हात दाखवणार नाही. तुम्ही एकाला एकच मोजता.”

शेवटच्या दिवशी बाई फाटकाशी गाडीत बसणार, तेवढ्यात पाळी सुटली. मॅनेजरही तिथेच होते. सेल्वम पुढे आला आणि मॅनेजरांच्या देखत, पट्टी बांधलेलं बोट न लपवता, त्याने दोन्ही हात जोडले. “वणक्कम, अम्मा.” त्याच्यामागून दुसरा आला, त्याच्या मनगटावर भाजल्याचा ताजा डाग. मग तिसरा, अंगठ्याला चिंधी बांधलेला. मग रांगच लागली. कामगारांच्या बसगाड्या खोळंबल्या.  मॅनेजर आता नाव तरी कुणाचं विचारणार?

बाईंनी प्रत्येकाला परत हात जोडले. रांगेच्या शेवटी मी होतो. माझे हात धडधाकट होते, तरी जोडले.

बाईंनी सवयीने ते पाहिले. मग मागच्या फलकावरच्या शून्याकडे पाहिलं.

“आता मोजा, आकडेवाले,” एवढंच म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.