हेल्दी म्हणावं ते थोरलीलाच

कोरेगावाकडच्या त्या गावात ‘हेल्दी’ हा शब्द पहिल्यांदा आला तो चंद्राबाईच्या लग्नापायी. तिचं माहेर सांगलीकडचं, कृष्णाकाठचं. अंगणात हळद वाळत घातलेली, उंबऱ्यापासून चुलीपर्यंत सगळं पिवळं. तिला बघायला मंडळी गेली त्यात नवऱ्या मुलाचा चुलता अर्जुना होता. हा फौजेतून नुकताच पेन्शनीवर आलेला. भरतीच्या मैदानावर डॉक्टर पोरांच्या छात्या ठोकत जे बोलायचे, तेच ह्याच्याही तोंडात बसलेलं. चंद्रानं पाण्यानं भरलेली घागर पाहुण्यांसमोरून एका हातानं उचलून नेली आणि अर्जुनानं मांडीवर थाप मारली.

“पसंत! पोरगी हेल्दी हाय!”

बैठकीत इंग्रजी कुणाला येतंय? दाराआडून चंद्राची आई म्हणाली, “व्हय जी, हळदीच्याच घरातली हाय ती. जन्मल्यापासनं हळद लावलीया अंगाला.”

“त्येच त्येच,” अर्जुना म्हणाला आणि लग्न ठरलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं गावातल्या बायका हेल्दी म्हणजे हळदीसारखी उजळ, असंच समजत होत्या. दवाखान्यातल्या डॉक्टरनं एकदा एका सावळ्या बाईला तपासून “तुम्ही अगदी हेल्दी आहात” असं सांगितलं, तर ती बिचारी पदरानं डोळे पुसत बाहेर आली. डॉक्टर चेष्टा करतोय म्हणाली! पण चंद्राबाईला बघून बघून हळूहळू शब्दाचा अर्थ बदलला. रंगावरून उठला आणि अंगावर येऊन बसला. भरल्या दंडाची, उसाची मोळी उचलताना कण्हत नाही, जेवताना लाजत नाही, ती हेल्दी. मग काय, म्हैस हेल्दी झाली, कणीस हेल्दी झालं, पाहुण्यांच्या घरचा बोकडसुद्धा हेल्दी झाला. चंद्राबाईचा जयराज सुदृढ बालक स्पर्धेत पहिला आला तेव्हा गालांमुळे त्याचे डोळे दिसत नव्हते. स्टीलचा डबा मिळाला. तो डबा घेऊन ती वेशीपासून घरापर्यंत इतकी सावकाश चालली, की जणू पालखीच निघाली होती.

धाकटी जाऊ धोंडुबाई खंडाळ्याकडची. अंगानं काडी. तिला हेल्दी कोण म्हणणार? आल्यागेल्यानं म्हणावं, “धाकटीला जरा जपा.” मग थोरलीनं मान हलवावी. धाकटीची कीव करण्यात चंद्राबाईची सगळी उमर मजेत गेली.

आणि परवाच्या दिवाळीत सगळं उलटंपालटं झालं.

जयराजची लेक अंकिता मिरजेत आहारशास्त्र शिकते. ती सुट्टीला आली, येताना रक्तदाब मोजायचं यंत्र आणि वजनकाटा घेऊन. दोन्ही घरांचं अंगण एकच, तिथं दोघी आज्यांना बसवलं. आधी चंद्राबाई. अंकितानं यंत्राकडं बघितलं, वजनकाट्याकडं बघितलं आणि ओठ दाबले. “आजी, गोड कमी कर बाई आता.” मग धोंडुबाई. अंकिताचा चेहरा असा फुलला, की चंद्राबाई तेव्हाच सावध झाली.

“धाकटी आजी, तू कसली हेल्दी आहेस गं! ह्या वयात!”

चंद्राबाईला वाटलं, ऐकायला कमी आलं. “कोन?”

“धाकटी आजी. एकदम हेल्दी.”

सख्खी नात! रक्ताची! परक्यानं म्हटलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. धोंडुबाई तोंडाला पदर लावून हसत होती आणि ते हसणं चंद्राबाईला पायात काटा मोडावा तसं सलत राहिलं.

रात्री तिला भाकरी गोड लागली नाही. दुसऱ्या दिवशी धोंडुबाई अंगण झाडायला वाकली, ताठ उठली. चंद्राबाई खिडकीतून बघत होती. कमरेला हात नाही, ‘आई गं’ नाही. मेली मुद्दामच वाकतीया, तिला वाटलं. त्यात दळणाच्या गिरणीत कुणीतरी म्हणालं, “धाकटी लय हेल्दी निघाली म्हनं तुमची.” गावात बातमी गिरणीपर्यंत गेली की संपलंच. चंद्राबाई पीठ तिथंच विसरून घरी आली.

अंकिता मिरजेला गेल्यावर तिनं फोन लावला. “अंकू, त्या शब्दाचा खरा अर्थ काय गं? तुझ्या कालिजातला नगं. मुळातला सांग.”

अंकिता पलीकडून काहीतरी शोधत राहिली. मग म्हणाली, “आजी, फार जुन्या इंग्रजीत त्याचं मूळ ‘अख्खं’ असं आहे. न मोडलेलं, शाबूत. आपण धडधाकट म्हणतो ना, त्यातलं धड.”

“म्हंजी बारीक न्हवं?”

“बारीकजाडीचा संबंधच नाही.”

चंद्राबाईला हुरूप आला. अख्खं! मग मोजणी लावायला काय हरकत? ती अंगणात मनातल्या मनात हिशोब करत बसली. धोंडीचे दात सगळे जागेवर. आपली कवळी. धोंडीचे गुडघे देवानं दिलेले. आपला एक मिरजेत बदललेला. डोळे? आपल्या दोन्ही डोळ्यांत भिंग, आणि ती सटवी अजून सुईत दोरा ओवते! मुळातला अर्थही धाकटीच्याच पदरात पडला. चंद्राबाईनं इंग्रजांना आणि त्यांच्या आजाला-पणज्याला शिव्या घातल्या.

मग दोन डाव एकदम टाकले. एक, धोंडुबाईला खाऊ घालायचं. सकाळी तुपानं निथळणारी भाकरी, दुपारी शेंगदाण्याचा लाडू, संध्याकाळी खरवस. फुगू दे भवानी. दुसरा, आपण कमी खायचं आणि तांबडं फुटायच्या आत कॅनॉलच्या वाटेनं चालून यायचं, कुणाला कळू न देता.

धोंडुबाई सगळं खायची, तरी हातातली बांगडीसुद्धा दंडाकडं सरकायची, इतकी ती काडीच राहिली. इकडं चंद्राबाईचं तोंड सुकलं, पाय ओढायला लागले. आणि एका सकाळी कॅनॉलच्या कडेला तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ती मटकन खाली बसली.

गवताचा भारा डोक्यावर घेऊन धोंडुबाईच त्या वाटेनं आली. भारा टाकून धावली, पदरानं वारा घातला, कनवटीचा गुळाचा खडा तिच्या तोंडात कोंबला.

“आक्का, हितं काय कराय आलाय? आन् उपाशी?”

“तुला काय करायचंय?” चंद्राबाई गूळ चघळत म्हणाली. चघळताना डोळ्यांतून पाणी आलं. “तो शब्द माझ्यासाठी आलावता, धोंडे. फौजेतल्या मामंजींनी मला बघाय आल्यावर चार मान्सात म्हटलंवतं. माझ्याजवळ दुसरं काय हाय? शाळा न्हाई, रूप न्हाई. तेवढा एक शब्द हाय, त्यो बी तू घेतलास.”

धोंडुबाई शेजारी बसली. तिला हसू आवरेना.

“मी कुठं घेतला? तुमीच दिला की.”

“मी?”

“मंग! येकत्र व्हतो तवा चूल तुमच्या हातात व्हती. सगळ्यांस्नी तूप वाढायचा आन् माझ्या ताटापाशी आला की वाटी पालथी. त्याच्यानंच म्हनं मी हेल्दी ऱ्हायले. अंकीलाच इचारा.”

खरंच होतं ते. नव्या सुनेच्या जिभेला चटक लागू नये म्हणून म्हणे. का मग धाकट्या दिरानं धोंडुबाईसाठी जत्रेतून गजरा आणला होता म्हणून, कोण जाणे.

“मी लय जळले तुमच्यावर, आक्का,” धोंडुबाई म्हणाली. “तुमचा डबा, तुमचं दंड, तुमचं पोरगं. समदं बघून जळले. पर काडीला जळाय कितीसा येळ? भुरकन संपलं. आता चार दीस तुमी जळा की. तुमच्यात सरपन बख्खळ हाय.”

“मेले!” चंद्राबाईनं तिच्या पाठीत गुद्दा घातला आणि मग दोघी कॅनॉलकडेला इतक्या हसल्या, की पलीकडच्या फडातला तोडकरी कोयता थांबवून बघायला लागला.

पण हसण्यानं मत्सर जातो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उठताना धोंडुबाईनं हात दिला, तर चंद्राबाईला तो झिडकारता येईना आणि गोडही लागेना. भारा मात्र तिनं धाकटीच्या डोक्यावर स्वतः चढवून दिला. तेवढ्यानंच तिला धाप लागली.

त्या रात्री तिनं तूप लावून भाकरी खाल्ली, दुसरी तशीच झाकून धाकटीकडं पाठवली, आणि मग अंकिताला फोन लावला.

“अंकू, धाकटीला तू हेल्दी म्हन. तिचा हक्क हाय. माझं काय बी म्हननं न्हाई.”

“आजी! किती शहाणी आहेस गं.”

“ऐक आधी. फकस्त माझ्याम्होरं म्हनू नगंस.”

“मग तुझ्यासमोर काय म्हणू?”

चंद्राबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तिची तब्येत सुधारलीया म्हन,” ती म्हणाली. “ऐकनाऱ्याला वाटंल, जाड झाली.”