मायनं शिव्या सोडल्या

आमच्या जळकोटकडं लेकरांचे लाड मसणाच्या भाषेत व्हायचे. माझी माय सकाळी "उठ की मुडदे, उन्हं दारात आली" इथूनच सुरू व्हायची. दप्तर विसरलं की "मसनात गेलं का ध्यान?", उशिरा आलं की "कुठं गाडून घेतलं होतं?" आणि हे चालू असतानाच माझ्या भाकरीवर लोणी पडायचं. आम्हाला कधी काही वाटलं नाही. शेजारणीही अशाच बोलायच्या.

मी चौथीत होते तेव्हा ऐन पहाटं, सगळे झोपेत असताना, भूकंप झाला. आमच्या भिंतीला नुसती भेग पडली, पण औशाकडं दिलेल्या मावशीची लेक ढिगाऱ्यात गेली. आदल्या संध्याकाळी दूध सांडलं म्हणून मावशी तिला "मातीत जाय" म्हणाली होती. मावशी महिनाभर आमच्याकडं राहिली आणि रोज तेवढंच सांगत राहिली. मायनं तेव्हापासून शिव्या सोडल्या.

आणि मला वैताग! राग तिला पहिल्यासारखाच यायचा, पण शब्द नाहीत. "मु..." म्हणायची, गिळायची आणि मग म्हणायची "बाळा". बाळा! आमच्या गल्लीत असं फक्त रेडिओवरची बाई बोलायची. आता हिच्याशी भांडायचं तरी कसं, सांगा.

बारावीला मला लातूरला क्लासला ठेवलं. सगळा मुलूख डॉक्टर व्हायला निघालेला, मीच का मागं? फिजिक्स माझ्या डोक्यावरून चाललं होतं. दिवाळीनंतर मी क्लासला जाणंच सोडलं आणि खोलीवर लोळत पडले. संक्रांतीला घरी आले ती ठरवूनच. माय खवळेल, मीही ओरडेन, पण डॉक्टर व्हायचं नाही हे एकदाचं सांगून टाकीन.

माय चुलीपुढं होती. मी एका दमात सगळं सांगितलं.

"बरं बाळा," ती म्हणाली. "हातपाय धू."

माझं टाळकंच फिरलं. "अगं, राग येत न्हाई का तुला? दे की शिवी!"

"कशाचा राग?" तिनं भाकर उलटली. "परत जाणार न्हाईस ना?"

"न्हाई म्हणते ना!"

"नक्की?"

"किती येळा सांगू, माय?"

तिनं परात बाजूला सारली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला वाटलं, हिची डॉक्टरीण गेली म्हणून रडते.

"तुझी खोली तिसऱ्या मजल्यावर," ती म्हणाली. "तू तिथं गेलीस तवापासून रोज पहाटं उठून बसते मी. उजाडलं की मग जीव भांड्यात पडतो."

"मग बोलायचं की गं! आधीच बोलावून घ्यायचं!"

"तू आभ्यास करायली होतीस," माय म्हणाली. "मदी कशाला बोलू?"